तुम्ही विचारलंत म्हणून: तोफ डागताना भीती वाटते का?

तोफखान्यात नोकरी केली असं कळलं की समोरचा माणूस पहिला प्रश्न हमखास विचारतो, "आवाज केवढा असतो हो?" दुसरा प्रश्न थोडं थांबून, जरा हळू आवाजात येतो. "भीती नाही वाटत?" इतक्या वर्षांत हे दोन प्रश्न किती जणांनी विचारले याची मोजदाद नाही. दर वेळी मी "खूप मोठा असतो" आणि "सवय होते" एवढ्यावर भागवत आलो. परवा मात्र एका मुलाने विचारलं. तोफखान्यात भरती झालाय, प्रशिक्षण सुरू व्हायचंय. त्याला "सवय होते" असं सांगून मोकळं होणं मला जमेना. त्याच्याशी जे बोललो तेच इथे जरा सविस्तर लिहितो.

आधी थेट उत्तर. तोफ उडते तेव्हा भीती वाटत नाही, वाटायला वेळच नसतो. भीती वाटते ती हुकूम सुटतो, दोरी ओढली जाते आणि तोफ उडत नाही तेव्हा. त्या शांततेइतकं अंगावर येणारं तोफेवर दुसरं काही नाही. पण ती शांतता अंगावर का येते हे कळायचं तर त्या नळीत काय कोंडलेलं असतं ते आधी कळायला हवं.

मी ज्या तोफांवर काम केलं त्या १५५ मिलिमीटरच्या. म्हणजे नळीच्या तोंडात दोन्ही हात जोडून सहज जातील एवढी जागा. गोळा साधारण ४३ किलोचा. तो कंबरेतून वाकून उचलायचा नाही, गुडघ्यांतून बसून उचलायचा, हे पहिल्याच आठवड्यात शिकवतात. ज्यांनी तेव्हा मनावर घेतलं नाही, त्यांच्यातले काही आज पट्टा बांधून फिरतात. नळीची लांबी सहा मीटर. हा ४३ किलोचा पोलादी गोळा जागेवरून निघतो आणि त्या सहा मीटरांत सेकंदाला ८०० मीटरच्या वर वेग घेतो. याला लागणारा वेळ सेकंदाचा साठावा-सत्तरावा हिस्सा. पापणी लवायलासुद्धा याच्या कितीतरी पट वेळ लागतो. बाहेर पडताना गोळ्यात जेवढी ऊर्जा असते, तेवढी वीस टनांचा भरलेला ट्रक ताशी १३० किलोमीटरने धावत असला तर त्याच्यात असते. शिवाय नळीच्या आत पीळदार खाचा असतात. त्या खाचांनी पिळला जाऊन गोळा सेकंदाला अडीचशेच्या आसपास गिरक्या घेत निघतो, म्हणूनच तो हवेत कोलांट्या न खाता नाक पुढे ठेवून जातो. आणि हे सगळं घडवणारा नळीतला दाब आपल्या भोवतीच्या हवेच्या दाबाच्या तीन हजार पट.

लोकांना वाटतं तोफेत स्फोट होतो. तसं नसतं, आणि हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. तोफेत दारू जळते, फुटत नाही. गोळ्याच्या पोटात जे असतं ते फुटण्यासाठी असतं. गोळ्याच्या मागे जो चार्ज, म्हणजे मोजून बांधलेली दारू, ठेवतात तो जळण्यासाठी. त्याच्या दाण्यांना आरपार बारीक भोकं ठेवलेली असतात. दाणा बाहेरून जळत लहान होतो, पण आतून भोकं जळत मोठी होतात, आणि त्यामुळे गोळा पुढे सरकून जागा वाढली तरी वायू कमी पडत नाही. एवढा विचार करून आग बांधून ठेवलेली असते. दाणे तडकलेले निघाले, चार्ज उन्हात तापला किंवा थंडीत गारठला, की जळण्याचा वेग बदलतो आणि दाबही बदलतो. म्हणून गोळाबारीच्या दिवशी चार्जचं तापमान मोजतात. नवख्याला हे काम क्षुल्लक वाटतं. मीही सुरुवातीला ते घाईत उरकायचो.

मग धक्का. गोळा पुढे जातो तसं सगळं मागे यायला बघतं. जुन्या तोफा प्रत्येक बाराला अख्ख्या चाकांसकट मागे पळायच्या, पुन्हा ढकलून जागेवर आणायच्या आणि पुन्हा नेम धरायचा. फ्रान्सच्या ७५ मिलिमीटरच्या तोफेने १८९७ साली हे बदललं. नळी एकटीच मागे घसरते, तेल आणि दाबलेला वायू तिला झेलतात आणि परत पुढे नेऊन ठेवतात. आजच्या तोफांतही मूळ कल्पना तीच आहे. कित्येक टनांची नळी मीटरभराहून जास्त मागे येते आणि गाडा जागचा हलत नाही. बघायला फार सुंदर दिसतं ते, खरंच. पण त्या मीटरभर जागेत माणसाचा हात असला, खांदा असला, तर तेलाला आणि वायूला त्याचं काही सोयरसुतक नसतं. आमच्याकडे ब्रीचच्या, म्हणजे नळीच्या मागच्या झडपेच्या, मागच्या त्या पट्ट्यात उगाच पाय ठेवला तरी ओरडा बसायचा. तोफ रिकामी असली तरी. रिकाम्या तोफेवर लागलेली सवयच भरलेल्या तोफेवर कामी येते, हे मला फार उशिरा कळलं.

आता तोफेवरच्या माणसांविषयी. आपल्या भाषेत तोफ चालवणाऱ्याला गोलंदाज म्हणत. क्रिकेटने तो शब्द उचलून नेला आणि आता त्याच अर्थाने तो राहिला. तोफ 'डागणे' हा शब्दही तसाच जुना: जखमेला तापल्या सळईने डाग देतात, तसा तोफेच्या कानावर विस्तव टेकवायचा. हो, कानावरच. बत्ती द्यायचं जे बारीक भोक असतं त्याला तोफेचा कान म्हणतात, आणि शत्रूच्या तोफा निकाम्या करायच्या तर त्यांच्या कानांत खिळे ठोकायचे, हे आपण शाळेच्या इतिहासात वाचलेलं असतं. मला तो शब्द फार नेमका वाटतो. कारण तोफेवरचं सगळं काम कानाचं आहे.

हे कुणाला पटत नाही. एवढ्या धडाक्यात ऐकायचं काय? सांगतो. गोळा नळीत सारून ठोसला की त्याच्या कमरेचा तांब्याचा पट्टा खाचांच्या सुरुवातीला घट्ट रुतला पाहिजे. रुतला की एक आवाज येतो. नुसता 'धप्' नाही, घंटेच्या कडेला लाकूड लागावं तसा 'ठण्ण' असा, नळीभर घुमणारा. तो आवाज आला की माणूस निर्धास्तपणे चार्ज भरतो. तो आला नाही, किंवा बसका आला, तर गोळा नीट बसलेला नाही. नळी उंच उचललेली असेल तर तो मागे सरकून चार्जवर येऊ शकतो, आणि मग तीन हजार पट दाबाचं सगळं गणित बिघडतं. आमचे उस्ताद, म्हणजे तोफेचे प्रमुख, गोळा भरताना कधी बघत नसत. मान तिरकी करून ऐकत. त्यांची ती तिरकी मान अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे.

नोकरीच्या तिसऱ्या वर्षातली गोष्ट. सरावाची गोळाबारी होती, सकाळपासून गोळे जात होते, नळी तापलेली. मी ब्रीचवर. गोळा भरला, 'ठण्ण' ऐकू आलं, चार्ज गेला, ब्रीच मिटलं, चार्ज पेटवणारा प्रायमर बसवला. हुकूम आला. दोरी ओढली.

'टिक्.'

बस, एवढंच. आपण सगळे त्या क्षणी अंग आवळून असतो, तोंड किंचित उघडं ठेवून, धक्का येणार हे धरून. आणि धक्का येतच नाही. पायऱ्या उतरताना शेवटची पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं काहीतरी पोटात होतं.

उस्तादांनी हात वर केला. "मिसफायर. कोणी हलायचं नाही." ठरल्याप्रमाणे पुन्हा दोरी ओढली. पुन्हा 'टिक्'. मग थांबणं सुरू झालं.

हे थांबणं काय असतं ते सांगतो. प्रायमर मुळीच पेटला नसेल, तर काही धोका नाही. पण तो अर्धवट पेटला असेल, चार्जच्या आत कुठेतरी एखादी ठिणगी धुमसत असेल, तर तोफ आत्ता उडेल, किंवा दहा सेकंदांनी उडेल, किंवा मिनिटाने. तेवढ्यात कुणी उतावीळपणे ब्रीच उघडलं तर ती सगळी आग पुढे जाण्याऐवजी मागे, उघडणाऱ्याच्या तोंडावर येईल. म्हणून थांबायचं. नळी लक्ष्याकडेच ठेवायची, ब्रीचच्या मागे कुणी उभं राहायचं नाही. पण फार थांबूनही चालत नाही, कारण नळी तापलेली आहे. तापल्या चेंबरमध्ये, म्हणजे चार्ज बसतो त्या नळीच्या मागच्या भागात, चार्ज पडून राहिला तर तो ठिणगीशिवाय, नुसत्या उष्णतेनेच पेटू शकतो. एक नियम थांबा म्हणतो, दुसरा घड्याळ बघा म्हणतो. किती थांबायचं हे म्हणूनच कुणाच्या अंदाजावर सोडलेलं नसतं. थंड तोफेला किती, तापल्या तोफेला किती, ते तोफेच्या पुस्तकात छापलेलं असतं, आणि ते आम्हाला तोंडपाठ होतं.

तोंडपाठ असल्याने मिनिटं लहान होत नाहीत. चेंबर पुसायच्या ओल्या बोळ्यातून पाणी ठिबकत होतं. एक थेंब, मग जरा वेळाने दुसरा. जळक्या दारूचा वास होता. शेजारच्या तोफाही थांबवलेल्या. इतक्या धडधडाटानंतर माझ्या कानात फक्त एक बारीक सूर वाजत होता आणि त्या सुराच्या पलीकडे मी काहीतरी ऐकायचा प्रयत्न करत होतो. काय, ते मलाही सांगता येणार नाही. पोलादाच्या पलीकडे धुमसणारी ठिणगी ऐकू येत नसते.

वेळ भरली. मी पुढे झालो. "उस्ताद, मी काढतो प्रायमर."

"तुझी पाळी आली की तू काढ. आता बाजूला हो."

ते एका अंगाने उभे राहिले, शरीर ब्रीचच्या रेषेबाहेर ठेवून, आणि हात लांब करून त्यांनी प्रायमर काढला. रायफलच्या काडतुसाएवढं पितळी नळकांडं. त्याच्या बुडावर फायरिंग पिनेचा खळगा होता, पण उथळ. पिनेने मारलं होतं, पण जीव लावून नाही. पिनेच्या घरात जुनं ग्रीस घट्ट होऊन बसलं होतं. सकाळी ते साफ करायचं काम माझं होतं आणि मी ते वरवर केलं होतं. उस्ताद रागावले नाहीत. त्यांनी पीन माझ्या तळहातावर ठेवली, तिच्यावरचा ग्रीसचा थर नखाने खरवडून मला दाखवला आणि तो माझ्याच बोटाला पुसला. मग नवा प्रायमर लावला, आणि तोफ उडाली. त्या दिवसानंतर निवृत्त होईपर्यंत मी ती पीन साफ करताना कधी कुणाशी बोललो नाही.

आमच्या बाबतीत शांतता निदान ऐकू तरी आली. ती ऐकूच आली नाही तर काय होतं, याचं उदाहरण इतिहासात आहे. २ जानेवारी १८७९ रोजी मार्मारा समुद्रात 'थंडरर' या ब्रिटिश युद्धनौकेवर सराव चालू होता. जहाजावरच्या फिरत्या पोलादी बुरुजात ३८ टनांच्या दोन तोफा, तोंडाकडून भरायच्या. दोन्ही एकदमच डागल्या. एक उडाली, दुसरी उडालीच नाही, पण पहिलीच्या धुरात आणि दणक्यात ते कुणाच्या लक्षात आलं नाही. दोन्ही पुन्हा भरल्या गेल्या. न उडालेल्या तोफेत आता दोन चार्ज आणि दोन गोळे. पुढच्या हुकमाला ती फुटली आणि ११ माणसं गेली. नंतर तिची जोडीदार तोफ इंग्लंडला वुलिचला नेऊन मुद्दाम दुहेरी भरली, डागली, आणि तीही तशीच फुटली. ब्रिटिश नौदल मागून भरायच्या तोफांकडे वळलं त्यात या अपघाताचा मोठा वाटा आहे. मागून भरायची तोफ दोनदा भरताच येत नाही, ब्रीच उघडलं की आत काय आहे ते समोर दिसतं. त्या ११ जणांचा विचार मनात आला की मला त्या बुरुजातला तो एक क्षण दिसतो: कानठळ्या बसलेल्या, धूर डोळ्यांत गेलेला, आणि सगळ्यांची खात्री की दोन्ही उडाल्या.

तोफ फुटून माणसं मरणं ही काही नवी गोष्ट नाही. स्कॉटलंडचा राजा दुसरा जेम्स १४६० साली रॉक्सबर्गच्या वेढ्यात आपल्याच तोफेजवळ उभा होता, ती फुटली आणि त्यात तो गेला. १८४४ च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या 'प्रिन्स्टन' जहाजावर पाहुण्यांना दाखवण्यासाठी मोठी तोफ उडवली, ती फुटली, आणि परराष्ट्रमंत्री व नौदलमंत्री दोघेही जागीच गेले. अध्यक्ष टायलर खालच्या मजल्यावर होते म्हणून वाचले. तोफेचं नाव 'पीसमेकर' होतं.

पण मला जास्त छळते ती अलीकडची घटना. १९ एप्रिल १९८९, अमेरिकेची 'आयोवा' युद्धनौका. तिच्या १६ इंची तोफा म्हणजे प्रकरण वेगळंच होतं: बाराशे किलोच्या वरचा गोळा, त्यामागे दारूच्या थैल्या, एकेक पन्नास किलोच्या आसपास. दुसऱ्या बुरुजातल्या मधल्या तोफेत थैल्या सारल्या जात होत्या, ब्रीच अजून उघडंच होतं, आणि त्या पेटल्या. ४७ खलाशी गेले. नौदलाने आधी त्या मेलेल्यांपैकीच एका खलाशावर, त्याने हे मुद्दाम घडवलं असा ठपका ठेवला. पुढे स्वतंत्र चाचण्यांत दिसलं की थैल्या जोरात आणि प्रमाणाबाहेर आत दाबल्या गेल्या तर त्या आपोआप पेटू शकतात. १९९१ साली नौदलाने ठपका मागे घेतला आणि त्या खलाशाच्या कुटुंबाची माफी मागितली. नेमकं कारण सिद्ध झालं नाही ते नाहीच. मला राग येतो तो याचा: तोफेजवळचा माणूस मेला की त्याच्या वतीने बोलायला कुणी उरत नाही. जे उरतात ते कागदावर लिहितात. पिनेवरचं ग्रीस माझं होतं हे मी आज सांगू शकतो, कारण मी जिवंत आहे.

नळी झिजते हेही लोकांना ठाऊक नसतं. प्रत्येक गोळा नळीचा थोडा थोडा भाग घेऊन जातो. १९१८ साली जर्मनांनी शंभर किलोमीटरहून जास्त अंतरावरून पॅरिसवर गोळे टाकले त्या तोफेची नळी इतक्या झपाट्याने झिजे की गोळे क्रमवार, उत्तरोत्तर जाड केलेले असत आणि प्रत्येकावर नंबर असे. ते क्रमानेच उडवायचे. आमच्या तोफांचीही नोंदवही असते, किती गोळे, कोणत्या चार्जने. मला ती वही नेहमी एखाद्या आजाऱ्याच्या तपासणीच्या कागदासारखी वाटायची.

आता तुमचा पहिला प्रश्न, आवाजाचा. खरं सांगायचं तर तो आवाज नसतोच. तो धक्का असतो. मोठ्या तोफेवर उभ्या असलेल्या माणसाच्या कानाशी १८० डेसिबलच्या आसपास दाब येऊन आदळतो. कानाला संरक्षण नसेल तर अशा एका झटक्यासाठी १४० ही धोक्याची रेषा मानतात. १४० आणि १८० हे आकडे जवळजवळ वाटतात, पण डेसिबलचा हिशेब असा की त्या चाळिसाच्या फरकात दाब शंभर पट वाढलेला असतो. तो छातीत कळतो, दातांत कळतो. जमिनीवरचे खडे एका क्षणासाठी उचलले जातात, आणि त्यांच्याखालची धूळ तोफेभोवती गुडघाभर उठते. नळीच्या तोंडाशी जी भोकांची टोपी बसवतात, मझल ब्रेक, ती वायू बाजूला आणि मागे वळवून तोफेचा धक्का कमी करते. तोफ वाचते, पण तेच वायू तोफेवरच्या माणसांकडे वळतात. तोफेचं ओझं माणसाच्या अंगावर टाकलंय असं मला नेहमी वाटत आलं.

आपल्याकडे विजापूरची मुलुखमैदान तोफ सगळ्यांना माहीत आहे, निदान खणखणीत वक्त्याला ते विशेषण लावतात म्हणून तरी. १५४९ साली अहमदनगरला ओतलेली, पन्नासहून जास्त टनांची. तिच्याशेजारच्या पाण्याच्या हौदाबद्दल सांगतात की बत्ती दिल्यावर गोलंदाज त्यात डोकं बुडवायचा. हे खरंच तसं होत होतं का, याचा मी दावा करत नाही. पण कल्पना वेडगळ नाही. हवेतून आलेला आवाज पाण्याच्या पृष्ठभागावरून बहुतेक सगळा परत फिरतो. ज्या कुणी ती गोष्ट सांगायला सुरुवात केली, त्याला तोफेजवळच्या माणसाच्या कानांची काळजी वाटली होती एवढं नक्की, आणि मला त्याबद्दल त्याच्याविषयी प्रेम वाटतं.

आमच्या वेळी कानात कापूस कोंबणारेही होते. कापसाने काही होत नाही. फोमचे बोळे आणि वर कान झाकणारे मफ, दोन्ही लागतात. दोन्ही घातले म्हणजे दोघांची बेरीज होते असंही नाही, थोडीच भर पडते, कारण धक्का कवटीच्या हाडातूनही आत जातो. आणि मुख्य अडचण वेगळीच. तोफेवरचं काम कानाचं, हे मी वर सांगितलं. हुकूम ऐकायचा, आकडे ऐकायचे, 'ठण्ण' ऐकायचा. म्हणून पोरं एक बोळा काढून ठेवतात. मीही ठेवायचो, उजवा. कानाच्या आतल्या ज्या केसांसारखे तंतू असलेल्या पेशी ऐकायचं काम करतात त्या एकदा गेल्या की पुन्हा उगवत नाहीत, आणि आधी उंच सुरांच्या जातात. 'स' जातो, 'श' जातो, 'फ' जातो. माझ्या उजव्या बाजूला उभं राहून कुणी 'सात' म्हटलं तर मला 'आठ' ऐकू येतं. तोफेवर सात आणि आठ यांत केवढं अंतर असतं ते मी सांगायला नको.

कानाच्या पलीकडेही काही आहे आणि त्याबद्दल आता कुठे बोललं जाऊ लागलंय. २०१७ साली सीरियात रक्का शहराच्या लढाईत अमेरिकी मरीनच्या एका बॅटरीने, म्हणजे तोफांच्या तुकडीने, पाच महिन्यांत ३५,००० गोळे डागले. काही नळ्या जळून निकामी झाल्या. त्या तोफांवर शत्रूचा गोळा पडला म्हणून नाही, तर स्वतःच्याच तोफांच्या धक्क्यांनी त्या माणसांच्या मेंदूवर काय परिणाम झाला हा प्रश्न पुढे आला. झोप उडालेली, भास होणारे, विसरणारे, घरच्यांवर चिडणारे तरुण परतले, आणि त्यांच्यापैकी अनेकांना बराच काळ कुणी विचारलंही नाही की तू तोफेवर किती दिवस होतास. नळीची नोंदवही होती, माणसाची नव्हती. मोठ्या गोळाबारीच्या रात्री आमचंही डोकं ठणकायचं, जेवण जायचं नाही, बोललेलं दोनदा विचारावं लागायचं. आम्ही त्याला थकवा म्हणायचो.

आणि दुसऱ्या टोकाला काय, हेही कुणीतरी विचारायला हवं. फार कमी जण विचारतात. तो ४३ किलोचा गोळा फुटतो तेव्हा त्याच्या पोटात सात किलोच्या आसपास स्फोटक असतं आणि बाकीचं पोलाद तुकडे होऊन शेकडो मीटर उडतं. पहिल्या महायुद्धात सर्वांत जास्त सैनिक बंदुकीने नाही, तोफखान्याने मारले. आम्ही तोफेवरून ते पाहत नाही. आम्हाला आकडे येतात आणि आकडे जातात. सरावाच्या रेंजवर मी पडलेल्या गोळ्यांच्या जागी चालत गेलोय, आणि तिथलं पोलाद हातात घेतलंय: कडा इतक्या धारदार की धरताना विचार करावा लागतो.

तिथेही पुन्हा तीच शांतता. गोळा जाऊन पडतो आणि फुटत नाही. आम्ही त्याला ब्लाइंड म्हणतो. नळीतला जबर झटका आणि मग ती गिरकी, हे मिळाल्याशिवाय गोळा फोडणारा फ्यूज जागा होत नाही, म्हणून गोळा आमच्या हातात असताना सुरक्षित असतो. पण न फुटलेल्या गोळ्याला ते दोन्ही मिळून चुकलेलं असतं. तो जागा आहे. मातीत जातो, वर गवत येतं. फ्रान्समध्ये व्हर्दूंच्या, पहिल्या महायुद्धातल्या रणांगणाच्या, आसपास शंभर वर्षांपूर्वीचे गोळे अजून शेतांतून निघतात. रेंजच्या आसपास भंगार वेचणाऱ्यांना तांब्याचा पट्टा दिसतो, त्याला भाव मिळतो, आणि ते दगडाने ठोकून तो काढायला जातात. म्हणून निरीक्षकाने मोजलेले स्फोट आणि आम्ही डागलेले गोळे यांचा हिशेब जुळला नाही की दिवस संपत नसे. एक कमी आला तर तो शोधायचा, आणि जागेवरच उडवायचा. थकलेली माणसं कुरकुरायची. मी कधी कुरकुरलो नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो.

त्या मुलाला मी एवढं सगळं सांगितलं नाही. त्याला फोमचा बोळा घालून दाखवला. दोन बोटांत वळून बारीक करायचा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढायचा, बोळा आत सारून तो फुगेपर्यंत बोट टेकवून ठेवायचं. त्याने घातला, मी त्याच्या मागे जाऊन टाळी वाजवली, त्याने मान हलवली नाही. मग त्याने विचारलं, "पण मग 'ठण्ण' कसा ऐकायचा?" मी त्याचा तळहात माझ्या हाताखाली टेबलावर सपाट ठेवला आणि टेबल खालून ठोकलं.

दर वर्षी माझी कानाची तपासणी असते. काचेची खिडकी असलेली बंद खोली, कानांवर हेडफोन, हातात एक बटण. सूर ऐकू आला की दाबायचं. डावा कान बरा आहे, अंगठा चालत राहतो. उजव्याला सुरुवातीचे जाड सूर येतात, मग थोडे बारीक, मग काही नाही. मी बसून राहतो, अंगठा बटणावर, मान तिरकी करून. काचेपलीकडे बाई माझ्याकडे बघतात, कागदावर काही लिहितात, पुढचा सूर लावतात. तो लागलाय हे मला त्यांच्या हातावरून कळतं.